सोलोतलं 'बघू या'

शनिवारी सकाळी जावा बेटावरच्या सोलो शहरात, नाट्यकेंद्राच्या फाटकात एक बस येऊन थांबली आणि तिच्यातून ढोल उतरायला लागले. संचालिका वुलानसिह बाई ते बघून जागच्या जागी थिजल्या.

"आलो बरं का, इबू," बसच्या दारातूनच पाक तुंपाल गरजले. "सुमात्राहून निघालो ते थेट तुमच्या दारात. जेवायचं काय?" इबू म्हणजे बाई आणि पाक म्हणजे राव, मानानं हाक मारायची इथली रीत.

मागे हेच तुंपाल आपलं नाटक घेऊन येऊ का, असं विचारायला आले होते. बाईंनी त्यांना चहा पाजला, शेंगदाणे पुढे केले आणि गोड हसून सांगितलं, "बघू या." आता सोलोत कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. इथला माणूस असता तर 'बघू या' ऐकून मुकाट्यानं उठला असता. पण तुंपाल पडले सुमात्राच्या बाताक जमातीतले. त्यांच्याकडे नाही म्हणायचं तर टेबलावर मूठ आपटून म्हणतात. बाई हसल्या म्हणजे ठरलं, असं धरून ते अख्खी मंडळी घेऊन दाखल झाले.

संध्याकाळी तर हंगामाचा पहिला प्रयोग. बाईंनी निवडलेला, इथल्याच पाक विग्न्यो यांच्या मंडळीचा, जुन्या जावाच्या राजाराण्यांचा. नाट्यगृह भरलं नाही तर ते लग्नांना भाड्यानं द्यायचं, असं केंद्राचे अध्यक्ष पाक हार्दिमान यांच्या मनात घोळत होतं. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो त्यामुळेच.

"त्यांना सांगून टाका ना, इबू," व्यवस्थापक जार्वो म्हणाला.

"उपाशी माणसांना कसं सांगू? आधी जेवू देत."

जेवण झालं. मग दमलेल्यांना कसं सांगायचं, म्हणून झोप झाली. मग त्यांनी ढोल तापवायला घेतले. शेवटी बाई मन घट्ट करून तुंपालांपुढे उभ्या राहिल्या.

"पाक तुंपाल, एक बोलायचं होतं. म्हणजे तसं काही नाही, पण…"

तेवढ्यात जार्वो धापा टाकत आला आणि त्यानं बाईंना बाजूला नेलं. "इबू, विग्न्योंची मंडळी एका बारशाला नाचतेय. इकडे येत नाही ती."

"असं कसं? मी स्वतः विचारलं होतं. ते 'हो हो हो' म्हणाले."

जार्वोनं कपाळाला हात लावला. "इबू, 'हो' म्हणजे हो. घाईघाईत 'हो हो हो' म्हणजे जमणार नाही. जाकार्तात राहून हेसुद्धा विसरलात?"

म्हणजे ज्यांना नाही म्हटलं ते ढोल तापवून तयार, आणि ज्यांनी हो म्हटलं ते बारशाला. बाई तुंपालांकडे परतल्या.

"काय बोलायचं होतं, इबू?"

"काही नाही. भात आणखी हवाय का, एवढंच."

पडदा उघडला. राजाराणी बघायला आलेल्या सोलोकरांपुढे एक बाताक सासू सुनेवर अशी काही कडाडली की पहिली रांग मागे सरकली. कुणी हसेना, कुणी उठेना. उठून जाणं वाईट दिसतं. मग तीच सासू मेलेल्या लेकासाठी रडायला बसली, आणि मधल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पदराला नाक पुसलं. तिथून नाट्यगृह हाललं. माणसं रडली, मग मोकळेपणी हसलीसुद्धा. विंगेत उभ्या बाई मनातल्या मनात त्या बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे आभार मानत होत्या.

प्रयोगानंतर अध्यक्ष रंगमंचावर आले. "छान झालं," ते हसून म्हणाले. "पुढच्या हंगामाचं काय ते… बघू या."

सोलोत याचा अर्थ बाईंना कुणी सांगायला नको होता.

तुंपालांनी मात्र अध्यक्षांचा हात दोन्ही हातांत धरला आणि प्रेक्षकांकडे वळून गरजले, "ऐकलंत ना, मंडळी? पाक हार्दिमान यांनी शब्द दिला. पुढच्या वर्षीही इथे नाटकच होणार. देव त्यांचं भलं करो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आजीबाई तर हात जोडून उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी तुंपालांकडे पाहिलं, आजीबाईंकडे पाहिलं. तोंडावर नाही म्हणायचं तर जन्मात कधी जमलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

बाई कान देऊन ऐकत राहिल्या. दुसरा 'हो' आला नाही.