दोन घंट्या

आमच्या रंगनाथ नानांच्या दारावर बेल नाही, घंटी आहे. मोडीत निघालेल्या लाल गाडीची, दोरीसकट. दोरी ओसरीतून निघते आणि मागच्या पत्र्याच्या शेडच्या पार टोकाला जाऊन खिळ्याला बांधलेली असते. नाना एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांच्याकडे जायचं तर बाहेरून हाक मारायची. आतून दोन घंट्या आल्या तर चला, एक आली तर आहात तिथंच थांबा. मी सख्खा शेजारी, पण माझ्या वाट्याला बहुतेक वेळा एकच येते.

मांजरसुंब्याच्या चौकात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. गावात कुणाच्या डोक्यात काय शिजतंय ते मला आधी कळतं, कारण शेवटी ते छापायला माझ्याकडेच येतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नाना आले आणि वहीचं एक पान त्यांनी काउंटरवर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: ‘हलणे-बसणे शिबिर. तीन दिवस. सकाळी सहाला सुटेल. उशिरा येणारास घेतले जाणार नाही.’

“नाना, हे कसलं शिबिर?”

“आदी हलायचं, मंग बसायचं.”

“म्हणजे व्यायाम?”

“व्यायाम कावून आसंल? आंगात आल्यावर बाया घुमतेत का न्हाई, तसं हलायचं. आन् मंग बुद्ध भगवान बसले तसं बसायचं. श्वासावर ध्यान ठिवून, गप.”

मी स्पष्टच सांगितलं. म्हटलं, घुमणारी माणसं ध्यानाला बसत नाहीत आणि ध्यानाला बसणारी घुमणाऱ्यांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. ही दोन्ही एका सतरंजीवर यायची नाहीत.

“एका गाडीत येतेत की,” नाना म्हणाले. “मी एकतीस वर्षं आनलेत.”

मी पन्नास कागद छापून दिले.

हे खूळ आलं कुठून, ते सांगतो. नानांची बायको, आमच्या गयाकाकू, गेल्या आणि नाना घरात नुसते फिरत राहायला लागले. तेव्हा त्यांचा साडू त्यांना दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला घेऊन गेला. तिथं बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, फक्त डोळे मिटून श्वास बघायचा. नानांनी तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी, शंभरएक माणसं ध्यानाला बसलेली असताना, ते मोठ्यानं ओरडले, “पुढं सरका!” साडू अजूनही हे सांगताना हसून लोळतो. मीही पुष्कळ हसलो होतो. त्या हसण्याचं मला पुढं वाईट वाटलं, ते ओघानं येईलच.

तर शिबिर सुरू झालं. शेडमध्ये नानांनी गाडीसारखी बैठक मांडली. एका बाजूला दोन-दोन, दुसऱ्या बाजूला तीन-तीन, मधे वाट. पहिल्याच दिवशी खिडकीकडच्या जागेवरून भांडण झालं. कुणीतरी आदल्या संध्याकाळीच रुमाल टाकून जागा धरली होती. नानांनी तो रुमाल दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, “रुमालाला ध्यान लागत न्हाई. मानूस आना.”

वाजवायला ढाब्यावरचा आचारी युनूस. पंधरा किलोचा रिकामा तेलाचा डबा आणि एक उलथनं, एवढं त्याचं साहित्य. पण हात असा, की भाकरी खाऊन सुस्त पडलेला माणूसही उठून बसावा. सहाला नाना दोरी दोनदा ओढायचे. टिंग टिंग. की युनूसचा डबा सुरू, आणि सगळ्यांनी उभं राहून हलायचं.

आता आपल्याकडच्या शहाण्या माणसाला हल म्हटलं तर तो आधी शर्ट नीट करतो. नानांना ते माहीत होतं. ते वाटेतून फिरत ओरडायचे, “आंग सैल सोडा! मागच्या शिटावर बसलाव, ड्रायवर नवा हाय, आन् गाडी रस्त्याला लागलीय!” आणि मग ते एका तालुक्याचं नाव घ्यायचे. ते मी इथं लिहीत नाही, मला तिथून गिऱ्हाईक आहे. पण ते नाव ऐकलं की खांदे, मान, पोट, सगळं आपोआप उसळायला लागायचं. त्या रस्त्यानं सगळेच गेलेले होते.

वीस मिनिटांनी एक घंटी. टिंग. युनूस थांबायचा, माणसं जागच्या जागी खाली बसायची आणि डोळे मिटायची. मग नानांचा आवाज एकदम खाली यायचा. “इचार म्हंजी पॅसेंजर हायेत. चढतेत, उतरतेत. भांडायचं न्हाई, चहा पाजायचा न्हाई. मधी कुनी उभं ऱ्हायलं तर नुसतं म्हनायचं, पुढं सरका.”

मी दुसऱ्या शिबिराला गेलो, ते मानेसाठी. दिवसभर मशीनपुढं वाकून मान लाकूड झाली होती. लाजत लाजत हललो. एक घंटी झाली, बसलो. पहिल्यांदा टोनर संपल्याचा विचार चढला, मग मेहुण्याचा, मग पुन्हा टोनर. मी आपला पुढं सरका, पुढं सरका म्हणत होतो. आणि मधेच कधीतरी गाडी रिकामी झाली. अर्धा मिनिट असेल, जास्त नाही. पण तसं रिकामं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही, उगाच शेफारतील.

पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीहून बाया परत आल्या आणि शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नाना त्यांना म्हणाले, “तुमी सहा महिने कोयता हलवलाय. तुमी नुसत्या बसा.” त्यावर एक जण म्हणाली, “तवा कारखान्यासाटी हललो. आता आमच्यासाटी हलू द्या की.” नाना बाजूला झाले. त्या दिवशी त्यांनी वीसच्या जागी चाळीस मिनिटं एक घंटी मारली नाही.

मग पुण्याहून अनघा मॅडम आल्या. स्वतःची चटई, स्वतःची बाटली, पण बाई मनानं चांगली. पहिल्या दिवसाच्या शेवटी त्या रडल्या, मग हसल्या, आणि मग मला म्हणाल्या की ह्याला जगात नाव आहे, तुम्ही फलक छापा: ‘शमानिक मूव्हमेंट आणि बुद्धिस्ट मेडिटेशन रिट्रीट’. मी नानांना वाचून दाखवलं, शमानिक म्हणजे अंगात येण्यातलं, हेही सांगितलं. नानांनी मान हलवली. “एवढ्या मोठ्या पाटीची गाडी कुनी पकडंल का? वाचस्तोवर निघून जाईल. हलणे-बसणेच ऱ्हाऊ द्या.”

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या ध्यानात आली होती. नाना स्वतः कधी हलत नसत. दोरी धरून खांबाजवळ ताठ उभे. युनूस त्यांना डिवचायचा, “नाना, दुसऱ्याला नाचवताव, तुमचा नंबर कवा?” नाना म्हणायचे, “कंडक्टर गाडी चालवत न्हाई बे. घंटी मारतो.” आणि सगळे हसायचे.

ह्या चैत्रातल्या शिबिराच्या आदल्या दिवशी नाना दुकानात आले. शेडमध्ये लावायला गयाकाकूंचा फोटो मोठा करून हवा होता. फोटो बघितला तर देवळापुढं केस मोकळे सोडून घुमणारी एक बाई. चेहरा पुसट, हात तर दिसतच नाहीत. म्हटलं, “नाना, दुसरा द्या. ह्यात काकू ओळखूच येत नाहीत.”

“दुसरे हायेत. त्यात ती माजी बायको म्हनून उभी हाय. ह्याच्यात ती तिची ती हाय.”

नाना स्टुलावर बसले आणि त्यांनी आपणहून सांगितलं. काकूंचं माहेर आराध्यांचं, देवीची गाणी म्हणत फिरणाऱ्यांचं. नवरात्रात संबळ वाजला की त्यांच्या अंगात यायचं. तेरा वर्षांपूर्वीच्या नवरात्रात नाना ड्यूटीवरून तसेच खाकी कपड्यांत देवळापुढं गेले, सोबत डेपोचे साहेब. काकू घुमत होत्या. साहेब हसले. नानांना लाज वाटली. त्यांनी तिकिटाला भोकं पाडायचा चिमटा खिशातून काढला आणि देवळाच्या लोखंडी कठड्यावर एकदा वाजवला. टक.

“घरात बी आमचं तसंच चालायचं, झेरॉक्सवाले. एक टक म्हंजी थांब. ती थांबली. भर संबळात थांबली. पदर नीट केला, माज्या मागं घरी आली, भाकऱ्या टाकल्या. पुन्यांदा कवाच घुमली न्हाई. धा वर्षं. मला वाटायचं, बायकोला शिस्त लागली.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “त्या मौनात चौथ्या दिवशी ती टक ऐकू आली. म्हनलं, पुढं सरका. सरकंना. मंग वरडलो.”

मी पाण्याचा ग्लास पुढं केला.

“तिला येकदा दोन घंट्या द्याच्या राहून गेल्या. म्हनून जगाला देत बसलोय. मला बी हलायचंय हो. लई वाटतंय, तिच्यावानी येकदा हलावं, म्हंजी तिला कळंल. पन युनूसचा डबा वाजला की माजं पाऊल उचलत न्हाई. कानात तीच टक.”

मी फोटो मोठा करून दिला. पुसट होता तो आणखी पुसट झाला. नानांना तसाच चालला.

शिबिराच्या तिसऱ्या, शेवटच्या दिवशी सकाळी एक म्हातारी आली. जनाबाई. गयाकाकूंच्या आराधी मेळ्यातली जोडीदारीण, त्या नवरात्रात संबळाशेजारी हीच तुणतुणं धरून उभी होती. ती आधी फोटोपुढं उभी राहिली. मग वाटेतून सरळ नानांपाशी गेली.

“दाजी, दोरी हिकडं द्या.”

“कावून?”

“द्या म्हनते ना.”

“आवो, कंडक्टर...”

“रिटायर झालाव की तुमी,” जनाबाई म्हणाली. “तिनं तवाच मला सांगितलं व्हतं. म्हनली, त्यायचा राग न्हाई जने, त्यायला लाज वाटली. त्यायलाच कवातरी हलवलं पायजे. ती तर गेली, तेवडं काम माज्याकडं ऱ्हायलंय.”

नानांच्या हातातून दोरी सुटली. शेडमध्ये कुणी हसलं नाही. जनाबाईनं दोरी धरली आणि दोनदा ओढली.

टिंग टिंग.

युनूसनं डबा सुरू केला. आम्ही कुणीच हललो नाही, सगळे नानांकडे बघत होतो. नाना ताठ. जनाबाईनं पुन्हा ओढली. टिंग टिंग. नानांचा फक्त उजवा हात हलला, अंगठा आणि बोट, तिकिटाला भोक पाडल्यासारखा. उघड, मीट. उघड, मीट. तिसऱ्यांदा दोन घंट्या झाल्या आणि मनगट हललं, मग खांदा, मग टोपी पडली आणि नाना हलायला लागले. वाईट हलत होते, खरं सांगतो. ताल नाही, तोल नाही, डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं “गया, गया”. मला लोकांसमोर रडणं आवडत नाही, पण त्या दिवशी माझा इलाज चालला नाही. अनघा मॅडमची चटई पायाखाली गोळा झाली, ऊसतोडीच्या बाया उठल्या, आम्ही सगळेच उठलो.

वीस मिनिटं झाली, तीस झाली. ढाब्यावर चहासाठी ट्रकवाले हॉर्न मारत होते, युनूसनं तिकडं बघितलंही नाही. आता एक घंटी व्हायला हवी म्हणून मी सवयीनं जनाबाईकडे बघितलं. तिनं दोरी केव्हाच सोडून दिली होती. फोटोपुढं ती केस मोकळे सोडून घुमत होती, आणि दोरी आपली खांबाजवळ नुसती लोंबत होती.