घाटातल्या आरशास हळदकुंकू वाहिले त्याची हकिकत

श्री वळणवासिनी प्रसन्न. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, घाटातील थोर वळणावर जे वर्तमान जाहले ते सादर ऐकावे. त्या राज्यात गाड्या बहुत आणि चालकांस घाई बहुत, आणि समोरचे दिसेना म्हणून त्या वळणी गाडीस गाडी भिडे. मग सरकारांनी "सावकाश जा" ऐसे फलक धाडिले, ते रयतेने भरधाव जाता जाता मोठ्या कौतुकाने वाचिले. मग सरकार कष्टी होऊन, मसलत करून, खांबावर मोठा फुगीर आरसा बसविते जाहले, आणि पलीकडची गाडी अलीकडे दिसो लागली, आणि अवघा पावसाळा सरला तरी टक्कर म्हणून जाहली नाही.

रयत बोलली, "देवी पावली!" दुधाचा टेम्पो हाकणारे केरबा घोलप रोज त्याच वाटेचे. त्यांचे कुटुंब हौसाबाई, नवऱ्यावर भारी जीव, त्यांनी आरशास हळदकुंकू वाहिले, आणि मग शेजारणींनी हार घातले, आणि मग कोणी खण चढविला, आणि आरसा ऐसा सजला की त्यात काही दिसेना. हे कळताच सरकार खवळले, "आरसा झाकू नये" ऐसा हुकूम काढिला, आणि तो सर्वांच्या नजरेस पडावा म्हणून शिपायांनी आरशावरच, उरल्या जागी, डिंकाने डकविला. आता काय म्हणावे या शहाणपणास!

दुसरे दिवशी केरबा खालून आले आणि वऱ्हाडाची बस वरून आली. केरबांनी टेम्पो चरात घातला म्हणून वऱ्हाड वाचले, पण दूध सांडले आणि त्यांचा हात मोडला. हौसाबाई धावत आल्या, "अवो, म्याच तुमास्नी खड्ड्यात घातलं!" ऐसा हंबरडा फोडिला.

केरबा कण्हत बोलले, "अगं, जित्ता हाय म्या. रडू मागनं. आदी त्यो आरसा पूस!"

मग बाईंनी हार ओढिले, खण ओढिला, हुकूमही फाडिला, आणि पदराने आरसा पुसो लागल्या. इतक्यात त्या वळणी पहाऱ्यास असलेले हवालदार गरजले, "बाई, सरकारी कागद फाडता? आत टाकीन!"

"टाका की! पर आदी ह्यात बगा, ट्रक येतुया!"

हवालदारांनी पाहिले आणि टुणकन कडेला उडी घेतली. ट्रक निघोन गेला. मग हवालदारांनी आपला रुमाल भिजवून बाईंच्या हाती दिला आणि म्हणाले, "तो वरचा कोपरा राहिला, ताई."

सारांश, आता त्या राज्यात हळदकुंकू खांबास आणि पाणी आरशास. केरबांचा हात सांधला, ते पुन्हा दूध नेतात, आणि हौसाबाई रोज सकाळी आरसा पुसून, त्यात धन्याचा टेम्पो वळण पार होताना पाहतात, आणि मगच घरी येऊन चहा घेतात. इतके वर्तमान.