तळेकरकाकांची निविदा

कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन भाजीवाल्यांकडून बंद पाकिटात भाव मागवणारा माणूस अख्ख्या शांती नगरात मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे तळेकरकाका. ते लांबून दिसले की भाजीवाले पाठ फिरवायचे.

काका सरकारी खात्याच्या खरेदी विभागातून रिटायर झालेले. जिन्यात जो सापडेल त्याला ते खरेदीच्या पद्धती समजावत. खुली निविदा म्हणजे पेपरात जाहिरात, कोणीही या. वेळ लागतो, पण बोट दाखवायला जागा नाही. मर्यादित निविदा म्हणजे माहितीतल्या चार-पाच जणांनाच बोलावणं. काम लवकर, पण संशय आलाच. आणि एकालाच विचारून घेणं? तिथे काका नुसते कानाला हात लावत. "रीतसर झालं पाहिजे," हे पालुपद.

एकदा सोसायटीच्या टाकीला तडा गेला. सेक्रेटरी शहाभाई म्हणाले, ओळखीचा प्लंबर आहे, आजच करून टाकतो. काका अडून बसले, खुली निविदाच हवी. झालं! मुदत संपेपर्यंत आम्ही जिन्याने बादल्या वाहिल्या, आणि काम मिळालं ते शहाभाईंच्याच प्लंबरला. शहाभाई तेव्हा काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. काका मात्र खूश.

पुढे काकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. काका स्वयंपाक शिकले, औषधं सांभाळू लागले, पण काकूंना एकट्याने उचलताना त्यांची कंबर धरली. दिवसभराची बाई ठेवणं भागच होतं.

अर्थात निविदा निघाली. तीन बायका आल्या. साक्षीदार म्हणून मला बसवलं. आधी पात्रता, मग दर. अनुभव किती, खाडे किती, औषधाचं नाव वाचता येतं का. पहिल्या दोघींनी नीट उत्तरं दिली. तिसरी राई गावची हिराबाई. तिने दर सगळ्यांत जास्त सांगितला आणि प्रश्न चालू असतानाच उठून आतल्या खोलीत गेली.

आम्ही मागोमाग गेलो. काकूंच्या केसांच्या पार जटा झाल्या होत्या. हिराबाई उशाशी बसून एकेक गुंता बोटांनी सोडवत होती. "यांची वेनी कोन घालीत न्हाय?" तिने विचारलं. काकूंनी डोळे मिटून मान तिच्या हातात सोडून दिली होती.

मी हळूच म्हटलं, काका, नियमाने पहिली बाई स्वस्त पडते.

काका दारातच उभे होते. "एवढ्या अटी घातल्या मी," ते म्हणाले, "वेणीची सुचलीच नाही. तोंड पुसतो रे रोज तिचं. पण केसांना हात लावायची भीती वाटते. दुखलं तर सांगणार कशी ती?"

त्यांनी बाहेर जाऊन त्या दोघींना हात जोडले. परत आले आणि पलंगाजवळ स्टूल ओढून बसले.

"रविवारी तुमची सुट्टी," ते हिराबाईला म्हणाले. "जरा हळूहळू घाला. मला बघू द्या."