अप्पांची हवाबंद पडवी

"या सुट्टीत ठमी पडवीत येऊन बसेल. आणि अशी बसेल, की उठायचं नावच घेणार नाही! लिहून ठेव!"

एवढं बोलून अप्पांनी चहाचा कप बशीत आपटला.

"कपाला तडा गेला का ते बघा आधी," माई म्हणाल्या. माई म्हणजे अप्पांची बायको. नवऱ्याच्या घोषणा ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते.

ठमी ही त्यांची एकुलती एक लेक. तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त विमानतळावर वापरतात. लांबच्या कुठल्याशा थंडगार देशात ती नोकरी करते आणि वर्षातून एकदा सुट्टीला येते. एरवी रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. अप्पा मागच्या पडवीत खुर्ची टाकून, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून, घाम पुसत तिच्याशी बोलायचे. मागे शेजारच्यांची टाकी भरून वाहायची. शेजारच्या वहिनी नवऱ्याला फैलावर घ्यायच्या. अप्पा रोज माफी मागायचे, "काय करणार गं, इथे हा असा कालवा!"

गेल्या सुट्टीत मात्र अप्पांच्या काळजाला एक गोष्ट लागली होती. लहानपणी जी पोर पडवीतून हलायची नाही, ती शेवटच्या आठवड्यात जरा वेळ बसली की "किती उकडतंय हो अप्पा!" म्हणून उठायची. एसीच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. अप्पा पडवीत एकटेच बसून राहायचे, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. ती गेल्यावर वर्षभर त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. पोरगी उकाड्यामुळे आपल्याजवळ बसत नाही. तर मग उकाडाच हाकलायचा!

"पडवीला काचा लावायच्या, एसी बसवायचा. बाराही महिने गारेगार!"

"कोणाला विचारलंत?"

"मी? मी कोणाला विचारू? ज्याने आयुष्यभर बटाट्याला घाम येऊ दिला नाही, त्याला लेकीचा घाम थांबवता येणार नाही?"

तर अप्पा हे कोल्ड स्टोरेजचे निवृत्त मॅनेजर. गार हवा कशी कोंडायची, यातलं त्यांना सगळं कळत होतं. एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. कोल्ड स्टोरेजला खिडक्या नसतात. त्यामुळे काचेतून ऊन आत येतं, हा अनुभव त्यांच्या गाठीला नव्हता. आणि पडवी होती पश्चिमेला!

काचवाला आला. त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच म्हणायचा.

"कुठे फट राहता कामा नये. मुंगीसुद्धा आत शिरली नाही पाहिजे."

"होऊन जाईल."

"दार आपोआप मिटलं पाहिजे. आणि मिटलं की कडी आपोआप पडली पाहिजे. बाहेरून."

इथे होऊनजाईलसुद्धा क्षणभर थबकला. "बाहेरून?"

"कोल्ड स्टोरेजला कडी बाहेरूनच असते!"

असतेच. कारण आत असतो बटाटा, आणि बटाट्याला बाहेर यायची घाई नसते. माणूस चुकून आत अडकलाच, तर वाजवायला तिथे आतून एक घंटा असायची. ती घंटा मात्र अप्पा साफ विसरले.

पडवी तयार झाली. पहिल्याच दुपारी अप्पा ऐटीत आत जाऊन बसले. दार उघडं धरायला माईंना उभं केलं होतं म्हणून बरं. पाचव्या मिनिटाला ते भट्टीतून काढलेल्या पावासारखे बाहेर आले.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन जरा जास्तच उत्साही आहे."

मग जाड पांढरे पडदे आले. तरी भागेना. मग एसी आला. तो छोटा पडला, म्हणून परत करून मोठा आणला. त्याची बाहेरची पेटी मावेल कुठे? पडवीची काच आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची बोळकांडी उरली होती, तिथे बसवली. तिचं गरम वारं नेमकं शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत! आजवर वहिनी फक्त नवऱ्याला बोलायच्या. आता अप्पांचाही नंबर लागला. पण पडवी इतकी हवाबंद झाली होती, की अप्पांना नुसते त्यांचे ओठ हललेले दिसायचे. ते हसून मान डोलवायचे. वहिनींनी रागाने खिडकी बंद करून टाकली.

ठमीला यातलं काहीही सांगायचं नव्हतं. तिने यायचं, दार उघडायचं आणि थक्क व्हायचं! माईंना तर अप्पांनी शपथच घातली होती. काम चालू होतं तेव्हा फोन पुढच्या खोलीत घेतले. काम संपल्यावर अप्पा पडवीतूनच बोलू लागले, पण पडदे ओढून. आता पोरीला काय दिसायचं, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. मागे पांढराशुभ्र पडदा. कुठलंसं यंत्र घुंघुं करतंय. आणि एवढ्या उन्हाळ्यात शाल लपेटून बसलेले अप्पा!

"अप्पा, कुठे आहात तुम्ही?"

"घरीच की!"

"मग इतकं शांत कसं? टाकी वाहत नाहीये? शेजारच्या काकू कुठे गेल्या?"

"आहेत, आहेत. मला आता त्यांचं काही ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही? कधीपासून?"

"अगं, तसं नव्हे..."

"मला जरा पडवी दाखवा बरं."

"पडवी? नको गं. नंतर. तू आलीस की सगळं कळेल."

तेवढ्यात माई मागून आल्या. अप्पांच्या गळ्याभोवती शाल नीट करत म्हणाल्या, "पुरे आता. फार वेळ बसू नका इथे, बाधेल."

पलीकडे ठमीचा चेहरा पडला. "आई, खरं सांग. अप्पा बरे आहेत ना?"

माईंना शपथ! त्या खोटंही बोलेनात आणि खरंही. नुसता सुस्कारा सोडून आत गेल्या. झालं! आगीत तेल ओतलं गेलं.

"कशी चाट पडणार आहे बघ!" फोन ठेवून अप्पा खुशीत म्हणाले.

पुढे दोन दिवस ठमीचा फोन आला नाही. "कामात असेल," अप्पा म्हणाले. पण संध्याकाळी ते मोबाईल तांब्याला टेकवून बसायचेच.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी माई भाजी आणायला गेल्या. घराच्या कुलपाची एक किल्ली माईंकडे असायची, दुसरी ठमीकडे. अप्पांनी एसी अगदी तळाच्या आकड्यावर नेला, रिमोट स्वयंपाकघरात मोबाईलशेजारी ठेवला आणि गारवा कितपत झाला ते पाहायला पडवीत शिरले. एरवी बाहेरून दार उघडायला माई घरात असायच्या, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मागे दार मिटलं. खट्‌! कडी पडली.

सांगितलं होतं अगदी तसंच झालं होतं. कामात खोट काढायला जागा नव्हती.

आधी अप्पा हसले. मग त्यांनी दार ठोठावलं. मग ओरडले. मग त्यांना थंडी वाजायला लागली. ती इतकी वाढली, की त्यांनी एक पडदा ओढून काढला आणि अंगाभोवती गुंडाळला. बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ होत होतं आणि आत अप्पांचे दात वाजत होते! आणि मग वीज गेली. एसी बंद पडला. पडदा काढलेल्या काचेतून सूर्य आत आला आणि त्याने अप्पांना भाजायला घेतलं.

गरम वारं थांबल्याबरोबर शेजारच्या वहिनींनी खिडकी उघडली. अप्पांच्या जिवात जीव आला! काचेला नाक लावून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि काकुळतीला येऊन ते दाराकडे मान उडवायला लागले.

वहिनी क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा निवळला. मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, "बघा! आले शेवटी वठणीवर! हात जोडून माफी मागतायत. शिका जरा!" आणि मोठ्या मनाने क्षमा केल्यासारखा हात करून आत निघून गेल्या.

अप्पा मटकन खाली बसले. आता त्यांना कशाचंही काही वाटेना. ज्या खुर्चीत ठमीने बसायचं होतं, ती समोर रिकामी होती. आपण इथे असेच उकडून गेलो तर पोरगी कोणाला फोन करणार, एवढाच एक विचार मनात येत राहिला.

आणि काचेपलीकडे ठमी उभी!

अप्पांना वाटलं, ऊन डोक्यात गेलं. पण हातात बॅग, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. भासातली ठमी असती तर अप्पांनी तिला नीट विंचरून आणली असती. ही खरीच होती! तिला काय दिसलं? पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, घामाने निथळणारा बाप. तिने काचेवर दोन्ही हात टेकले आणि ती काहीतरी बोलत रडायला लागली. एक अक्षर आत येत नव्हतं. अप्पा आतून ओरडत होते, "कडी! अगं कडी काढ आधी!" त्यातलंही काही बाहेर जात नव्हतं. शेवटी त्यांनी हवेत कडी काढून दाखवली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

दार उघडलं. ठमी बापाच्या गळ्यात पडली. "कुठलं हॉस्पिटल आहे हे? घरातच मांडलंय?"

"हॉस्पिटल कसलं! तुझ्यासाठी केलंय हे सगळं. तुला सुट्टीत गार वाटावं म्हणून."

ठमी तोंडावर हात धरून मटकन उंबऱ्यावर बसली. मग हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "मी सुट्टीची रजा आत्ताच वापरली अप्पा. वाटलं, तुम्ही..."

"म्हणजे सुट्टीत येणार नाहीस?"

"नाही हो."

वर्षभर ज्या सुट्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच अप्पांनी आपल्या हाताने घालवली होती.

"तूच म्हणायचीस ना, उकडतंय म्हणून," ते बारीक आवाजात म्हणाले. "आत जाऊन दार लावून घ्यायचीस. मला वाटलं, तुला आता इथे बसवत नाही."

ठमीने मान खाली घातली. "रडायला जायचे अप्पा. जायचे दिवस जवळ आले की इथे तुमच्याजवळ बसलं तरी रडू यायचं. तुमच्यासमोर कशी रडणार? म्हणून म्हणायचे उकडतंय." तिने नाक पुसलं. "तिथे बाराही महिने काचेच्या आतच असते मी. ऑफिसात काच, घरात काच. संध्याकाळी तुम्हाला फोन लावते तो ती टाकी ऐकायला. काकू आज काकांना कशावरून बोलतायत ते ऐकायला. तेवढा वेळ मी घरी असते."

अप्पांनी अंगावरचा पडदा काढला आणि त्याच्याच टोकाने डोळे पुसले. "डोळ्यांत घाम गेला," ते म्हणाले.

ठमी चार दिवस राहिली. ते चारही दिवस बापलेक त्या हातभर बोळकांडीत, एसीच्या पेटीला टेकून, गुडघ्याला गुडघा लावून बसले. भरपूर उकडलं. पण एकदाही कोणी उठलं नाही.

ती गेली. पडवीचं म्हणाल तर माई आता तिथे कपडे वाळत घालतात. चादरसुद्धा बघता बघता कडक होते. एवढी महागडी दोरी दुसऱ्या कोणाकडे नसेल.

पहिल्या संध्याकाळी फोन आला तेव्हा अप्पा बोळकांडीत तयार होते. मोबाईल तांब्याला टेकवलेला, सदरा घामाने चिंब.

"अप्पा, काही ऐकू येत नाहीये हो."

अप्पांनी कान दिला. टाकी गप्प. खिडकी उघडी, पण आवाज नाही. अप्पांनी हात जोडल्यापासून वहिनींचा स्वभावच पालटला होता. नवऱ्याशीसुद्धा त्या गोडीगुलाबीने वागत होत्या, आणि नवराही टाकी वाहायच्या आत पंप बंद करत होता!

अप्पा ताडकन उठले. कुंपणाच्या भिंतीवरून मान उंच करून त्यांनी हाक मारली.

"अहो वहिनी! जरा भांडता का हो? ठमीचा फोन आलाय!"