गजूभाऊंचा घरचा क्लाउड

आमच्या कॉलेजातले गजूभाऊ दर शनिवारी दुपारी, आपल्याच हातानं उभं केलेलं सगळं पुसून टाकतात. आणि मग ते पुन्हा उभं राहताना बघत बसतात.

गजूभाऊ म्हणजे जळगाव जामोदच्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे सर्वेसर्वा. मी मराठी शिकवते, त्यामुळे त्यांच्या लेखी मी अडाणीच. त्यांनी भंगारात निघालेले कॉम्प्युटर एकत्र जोडून कॉलेजचा स्वतःचा क्लाउड केला आहे. म्हणजे मुलांचे प्रकल्प, निकाल, फोटो सगळं बाहेरच्या कंपनीकडे नाही, आपल्याच खोलीत. तो उभा करायच्या सूचना त्यांनी एकदाच लिहून ठेवल्यात. त्याला ते स्क्रिप्ट म्हणतात. एक बटण दाबलं की पुढचं सगळं आपोआप.

"पण चांगलं चाललेलं पाडता कशाला?" मी एकदा विचारलं.

"मॅडम, पाडल्याबिगर कसं समजन, पुन्हा उभं राह्यते का नाई ते? आन सामान दुसरीकडं जपून ठेवूनच पाडतो ना मी!"

स्क्रिप्टसुद्धा गजूभाऊंसारखीच बोलघेवडी. पडद्यावर ओळी उमटत जातात, "थांब बे, डिस्क पाहून राह्यलो," "नेटवर्क भेटलं, घाबरू नको." एखादं मशीन रुसलं तर, "काऊन बे, झोपला काय?" मी तर शनिवारी तास संपला की मुद्दाम वाचायला जायचे.

मग संस्थेच्या मंडळींच्या डोक्यात बाहेरच्या कंपनीचा क्लाउड घ्यायचं आलं. गजूभाऊंचा चेहरा एवढासा झाला. प्राचार्य म्हणाले, "आम्हाला दाखवा. जमलं तर ठेवू, नाहीतर बंद."

गजूभाऊ त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळ्यांसमोर क्लाउड पुसला, बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ऐटीत उभे राहिले. "आता पाहा साहेब, मानसाचा हात लागनार नाई!"

ओळी धावू लागल्या. मंडळी माना डोलवू लागली. आणि अर्ध्यात सगळं थांबलं. पडद्यावर एकच ओळ:

"गजू, जेवला काय रे?"

पुढे काही हलेना. गजूभाऊ कानापर्यंत लाल झाले. शेवटी पाठीमागचे हात सोडून पुढे आले आणि टाईप केलं, "हाव." लगेच मशीनं पुन्हा कामाला लागली आणि क्लाउड झोकात उभा राहिला.

हसून हसून मंडळींचं पोट दुखलं. प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, "क्लाउड ठेवा. पण तेवढी ओळ काढा बुवा. माणूस नसतानाही चाललं पाहिजे."

"काढतो, साहेब," गजूभाऊ म्हणाले.

मंडळी गेल्यावर मी त्यांना फैलावरच घेतलं. "अहो, आजच्या दिवशी तरी काढायची होती!"

"ध्यानातच नाई राह्यलं, मॅडम. दर शनिवारी 'हाव' म्हनाची इतकी सवय झाली का, ते आपल्याले करा लागते हेच इसरलो." ते खुर्चीत बसले. "माय गेल्यापासून घरी कोनी इचारत नाई. म्हनलं, हा त इचारन."

त्यांनी ती ओळ निवडली. बोट डिलीटच्या बटणावर ठेवलं आणि तसंच ठेवून बसले. मला ते बघवेना.

"गजूभाऊ, आधी सांगा, जेवलात का?"

त्यांनी पडद्याकडेच बघत मान हलवली. "नाई."

मी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी अर्धी भाकर उचलली आणि मग दुसऱ्या हातानं बटण दाबलं.