टपालपेटीवरील नावाची हकिगत

श्री. दारोदार पत्रे वाहणाऱ्यांस आधी दंडवत घालोन मग लेखणी धरिली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मासी अमेरिका देशीचे वॉरन टकर नामे गृहस्थ चाकरीनिमित्त युरोप खंडी एका राज्यात राहावयास निघाले. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील कारभारी कागद फार जपोन ठेवितात. टकरसाहेब मोठे सावध. जाणत्यांस विचारोन त्यांनी लग्नाचा दाखला नवा काढविला आणि त्यावर सरकारी मोहोर घेतली आणि औषधांच्या चिठ्ठ्या वैद्याकडोन लिहून घेतल्या आणि केस वाळविण्याचे यंत्र घरीच ठेविले, कारण तिकडील वीज दुप्पट जोराची, यंत्र जळोन जाते. पत्नी लोईसबाई घर विकोन बहिणीकडे राहिल्या. साहेबांस तेथे राहण्याचा परवाना मिळावा आणि मग बाईंनी यावे, ऐसा ठराव जाहला.

मग साहेब तेथील एका नगरास पोहोचले आणि तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली आणि उभयतांचे अर्ज कचेरीत देवोन बोलावण्याच्या पत्राची वाट पाहू लागले. परवान्यावाचून राहण्याची मुदत नव्वद दिवसांची. खाली टपालपेटी होती, तीवर साहेबांनी हौसेने पितळी सातचा आकडा बसविला. त्यांच्या देशी बिऱ्हाड आकड्याने ओळखतात. येथे नावाने ओळखतात, आकड्यास कोणी पुसत नाही. दोन महिने साहेब रोज पेटी उघडीत आणि रिकाम्या हाताने जिना चढत.

अखेर साहेब कचेरीत गेले. कारभारीण बोलिली, "पत्र धाडिले होते. आपण तेथे राहत नाही म्हणोन परत आले."

"मी तेथेच राहतो," साहेब म्हणाले.

"पेटीवर आपले नाव नाही. तारीख गेली. आता नवी तारीख चार महिन्यांनी."

मुदतीचे तीस दिवस उरले होते. इतकी तजवीज करोन माणूस एवढ्याशा गोष्टीस अडावा, याचे आम्हांस खरोखर वाईट वाटले. साहेब परत आले तो जिन्यात शेजारीण हेडविगबाई भेटल्या, वय वर्षे ऐंशी. त्या म्हणाल्या, "मला वाटले, तुम्हांस कोणाची पत्रेच नकोत." आणि घरातून चिकटपट्टी व लेखणी आणोन दिली. साहेबांनी आपले नाव लावले आणि मग फोन करोन लोईसबाईंस सर्व मजकूर कळविला. बाई म्हणाल्या, "माझेही नाव लावा."

"तू तर येथे नाहीस."

"तुम्ही होतात, त्याचा काय उपयोग जाहला?"

साहेब खाली गेले आणि नाव लावोन आले. आठव्या दिवशी पेटीत पत्र पडले. बाईंच्या अर्जाची पाळी आली होती, तारीख पुढल्या मंगळवारची. बाई विमानाने तातडीने आल्या आणि कचेरीत उभ्या राहिल्या आणि परवाना घेवोन बाहेर पडल्या. आणि त्याच परवान्याच्या आधारे साहेब बाईंचे घरचे माणूस म्हणोन त्या राज्यात राहिले.

तात्पर्य, परदेशी बिऱ्हाड करणाराने दाखले, औषधे, वीज सर्व पाहावे, परंतु पोहोचताच पेटीवर नाव लावावे, आणि जे माणूस यावयाचे आहे त्याचेही लावावे. जैसे ऐकिले तैसे लिहिले.