बगळीचा रंग आणि अस्वलशेठचं धुराडं

एका जंगलात, पोरांनो, खोकला सोडला तर सगळं झकास होतं.

तिथं अस्वलशेठची चुन्याची भट्टी होती. भट्टीला धुराडं, धुराड्याला परवाना. परवान्याची अट एकच. दर पौर्णिमेला धुराड्याशेजारी पांढरा पक्षी दिवसभर बसवायचा. संध्याकाळी तो काळवंडला, तर भट्टीला कुलूप.

बसायचं काम बगळीकडं होतं. तिचं घरटंही तिथल्याच बाभळीवर. धाकटं पिल्लू खोकून खोकून अर्धं झालेलं. म्हणून या पौर्णिमेला ती जरा हुशारीनंच, थेट धुराच्या झोतात बसली. संध्याकाळी कोळशासारखी होऊन थेट कचेरीत गेली.

"बघा साहेब! आता कुलूप लावा."

साहेब म्हणजे साळिंदर. समोर अस्वलशेठ, मध्ये मधाचं पोळं. हसू नका रे, पोळं कचेरीचंच होतं म्हणे.

"धुरात खोट नाही, साहेब," शेठ म्हणाले. "बाईंचा रंगच कच्चा."

साळिंदरानं बोट चाटलं. "खरंय. तपासणीला टिकाऊ पक्षी हवा."

दुसऱ्या दिवशी फेरतपासणी. धुराड्याशेजारी कावळा बसवला. संध्याकाळी उतरला तो जसाच्या तसा. खोकत होता बिचारा, पण कागदावर खोकल्याचा रकाना नव्हता. रंगात फरक नाही, असा शेरा पडला. परवाना पाच वर्षं वाढला.

बगळीनं मग अर्जासोबत काजळलेलं पिल्लूच चोचीत धरून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"ऐका याची छाती!"

"कावळ्याचं पोर आहे. यांचा आवाज असाच असतो."

"अहो, माझं आहे ते!"

"मग तुम्हीही कावळीण."

"डोळे फुटले का तुमचे? दर पौर्णिमेला धुराड्याशी मीच बसत होते!"

"ती पांढरी होती," साळिंदर म्हणाला, आणि अर्ज फाडला.

बगळीनं पिल्लाला उचललं नि नदीपलीकडं निघून गेली. पुन्हा आली नाही.

जंगलातला एक खोकला कमी झाला. साळिंदरानं त्याच दिवशी लिहून टाकलं, हवा सुधारली. अस्वलशेठचा सत्कार झाला. शाल कावळ्यानं घातली, खोकत खोकत.

तात्पर्य: धूर लागला तर धुराड्याकडं बोट दाखवू नये, पोरांनो. आधी स्वच्छ अंघोळ करावी, मग तक्रार करावी. आणि जमलं तर जन्मतःच काळं असावं. कचेरीत कायमची नोकरी मिळते.